खिडकीतली रोवळी

१

रोवळी जागेवर नव्हती.

चतुराबाईने तांदूळ धुतले, सवयीने ओट्याखाली हात घातला आणि हाताला नुसती भिंत लागली. लग्नात आलेली पितळी रोवळी ती. खोलगट, गोल बुडाची, बारीक भोकांची. चिक्कडपल्लीच्या या दुसऱ्या मजल्यावर संसाराची एवढी वर्षं गेली, पण तिच्यावाचून या घरात तांदूळ कधी निथळले नव्हते.

"माझी रोवळी कुणी उचलली?"

बाहेरच्या खोलीत एकनाथराव उर्दू पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. निवृत्त माणूस, कानाने जरा कमी, आणि बायकोच्या आवाजाला जरा जास्तच कमी. खिडकीपाशी मात्र विकास स्टुलावर चढला होता आणि आईच्या परकराच्या नाडीने रोवळी गजाला आडवी बांधत होता. रोवळीच्या पोटात बोटाएवढी एक काळी कांडी उभी केलेली. कांडीची लांब वायर कंप्युटरपर्यंत गेलेली.

"काय करायलास रे? अँटेना आहे का ती?"

"हौ आई, अँटेनाच. ह्या कांडीला हवेतलं नेट सापडतं. पण एकच दांडी येऊलालीय. मागनं गोल भांडं लावलं की सगळं गोळा होऊन कांडीवर पडतं. ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं."

"आणि तांदूळ कशात निथळू? तुझ्या हेल्मेटात?"

"स्वप्नाचं तोंड नीट बघायचंय का नाही तुला?"

चतुराबाईला गप करायला घरात तेवढं एकच नाव उरलं होतं.

स्वप्ना डॅलसला बाळंत झाली होती. पहिलटकरीण. सासू नाही, जावई अनिल सकाळी उठून ऑफिसला जाणार. बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं, डिंकाचे लाडूसुद्धा बांधून झाले होते. पण चेन्नईला व्हिसाच्या काचेमागच्या बाईने दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत सरकवला. चतुराबाई चौथी शिकलेली, तिला त्या बाईचं इंग्रजी कळलं नाही, पण मान हलवलेली कळली. परतीच्या गाडीत चतुराबाई रडली नाही. तिने तेवढ्याच वेळात ठरवून टाकलं की बाळंतपण इथूनच करायचं.

घरात नेट यायला गल्लीतली टेलिफोनची तार बदलायची होती, आणि गल्ली खोदून माणसं जी गेली ती गेलीच. मोबाइलवरून अमेरिकेला फोन लागायचा, पण विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि फोनवरून तेल कसं जिरवायचं ते दाखवता येत नाही.

विकासने रोवळी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. कंप्युटरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात हिरव्या दांड्या होत्या. एक. परत एक. मग रोवळीचं तोंड जरा डावीकडे गेलं आणि एकदम तीन उभ्या राहिल्या.

"आलं! आई, हात नको लावू आता."

आणि पडद्यावर इतके दिवस चौकोन-चौकोन होऊन विरघळणारी स्वप्ना सरळ झाली. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत. मांडीवर बाळ.

"आई, दिसतंय का गं?"

चतुराबाईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच खाली टाकला. "मान धर गं त्याची," ती ओरडली. "मान! लोंबतीय ती!"

२

कुणाचं नेट, हे तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं. फुकटचं घ्यायची या घराला सवय नव्हती.

"असेल कुणाचं तरी," विकास बूट घालता घालता म्हणाला. "पासवर्ड नाही घातला. हौला आहे कुणीतरी, येडा."

"कुणी दार उघडं टाकलं म्हणून घरात शिरायचं होय रे?"

"शिरलो कुठं? त्याच्या दिव्याचा उजेड आपल्या खिडकीत पडला, त्यात आपण पेपर वाचला. झालं. त्याचं काय कमी होतंय?"

उजेडाचं तिला पटलं, पण अर्धवट. आपल्यामुळे दुसऱ्याचं काहीच कमी होत नाही असं जगात काही असतं, यावर तिचा विश्वास नव्हता.

पण संध्याकाळ झाली की ती विसरायची. इकडे दिवेलागण व्हायची तेव्हा तिकडे सकाळ उजाडलेली असायची. अनिल ऑफिसला गेला की स्वप्ना न्हाणीघरात कंप्युटर कपड्यांच्या टोपलीवर ठेवायची, पाय लांब करून बसायची आणि बाळाला पायांवर पालथं घालायची. चतुराबाई खुर्चीत पुढे सरकून बसायची.

"कोमट कर. अजून. कोपर घालून बघ, बोट नाही. टाळूवर तेल भर आधी. घाबरू नको, काय काच नाही ती. हं. आता पाठ. माझा हात बघ, असा, असा." आणि ती हवेत हात फिरवायची.

एकनाथराव म्हणायचे, "अगं, तिला ऐकू येतंय. तू अमेरिकेपर्यंत ओरडू नकोस."

"तुम्हाला ऐकू आलं म्हणजे जरा जास्तच झालं म्हणायचं," ती म्हणायची. पण आवाज कमी करायची नाही.

बाळाचं रडणं, लोट्यातून पडणारं पाणी, तिचं स्वतःचं ओरडणं. त्या खोलीत अमेरिका रोज तासभर येऊन बसत होती.

नेट कुठून येतं ते तिला आपोआपच कळलं. कंप्युटर बंद करून ती खिडकीपाशी उभी होती. रोवळीला हात लावायची बंदी होती म्हणून तिने नुसता डोळा लावला, बंदुकीला लावतात तसा, आणि रोवळीचं तोंड जिथे वळलं होतं तिथे पाहिलं.

गल्लीपलीकडचं पिवळं घर. त्याचा दुसरा मजला, बरोबर समोर. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, उन्हाने तपकिरी झालेलं.

हे घर तिने इतकी वर्षं रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलंच नव्हतं.

खाली वॉचमन यादगिरी खाटेवर विडी ओढत बसला होता. तिने त्याला विचारलं, तिथे कोण राहतं म्हणून.

"कोई नै रैता अम्मा उधर," तो म्हणाला. "नीचे पत्तलां का गोदाम है, बस. ऊपर खाली पडा. करंट भी काटके गए, मीटर निकालके ले गए." मग तिच्याकडे पाहून त्याने विचारलं, "कायकू?"

"कायकू नाही," चतुराबाई म्हणाली आणि जिना चढायला लागली. अर्ध्यावर थांबली. कंप्युटर करंटवर चालतो. नेटसुद्धा करंटवरच चालत असणार. एवढं कळायला चौथी पुरे होती.

विकास हसला. "भिंतीवर आपटून येतं ते, आई. असेल मागच्या गल्लीतून कुठून तरी. त्या घरावर आपटून आपल्याकडे येऊलालंय. चेंडूसारखं."

हेही तिला पटलं. अर्धवट.

३

बाराव्या दिवशी बारसं झालं. अर्धं इथे, अर्धं तिथे. पाळणा म्हणायला शेजारच्या दोघी-तिघी कंप्युटरसमोर दाटीवाटीने बसल्या, तिकडे स्वप्नाने बाळाला टोपलीत घालून हलवलं, आणि एकनाथरावांनी माईकमध्ये तोंड घालून बाळाच्या कानात नाव सांगितलं. पोर दचकून रडलं. सगळ्या हसल्या.

चतुराबाईने पातेलंभर घुगऱ्या केल्या होत्या. गहू आणि हरभरे, वर खोबरं. बिऱ्हाडा-बिऱ्हाडातून वाट्या गेल्या. बारशाच्या घुगऱ्या ज्याचं ज्याचं म्हणून काही देणं लागतं त्या सगळ्यांना जाव्या लागतात. एक घर राहिलं तर पोराला नजर लागते असं तिची सासू म्हणायची. पातेल्याच्या तळाशी थोड्या उरल्या तेव्हा तिला वाटलं, ज्याच्या नेटवर हे बारसं झालं त्यालाच आपण विसरलो.

विकास नव्हता, नाहीतर त्याने अडवलं असतं. एकनाथराव झोपले होते.

वाट्या सगळ्या वाटपात गेलेल्या. फडताळात मागे एकच उरली होती. स्टीलची, बुटकी, कडेवर नाव घातलेली. कु. स्वप्ना. स्वप्नाच्या स्वतःच्या बारशाला तिच्या मामाने दिलेली. चतुराबाई घटकाभर घुटमळली. मग म्हणाली, वाटी काय कुणी खातंय का, आणि त्यातच घुगऱ्या भरल्या.

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. चिमूटभर साखर का होईना, काहीतरी घालूनच देतात. तसं त्या घराचंही आपल्याकडे काहीतरी आलंय, तर आपणही काहीतरी घालूनच पाठवायला हवं. एवढाच साधा तिचा हिशेब होता.

पिवळ्या घराचा जिना अंधारा, अरुंद. पहिल्या मजल्यापर्यंत पत्रावळ्यांचा वाळक्या पानांचा वास येत होता. त्याच्या वर तोही नव्हता. दारावर कुलूप, कुलपावर गंज. उंबऱ्यापुढे दोन बोटं धूळ साचलेली, कुणाचं पाऊल नाही.

त्या धुळीत मधोमध एक गोल जागा मात्र स्वच्छ होती. पुसून काढल्यासारखी. वाटी ठेवण्याएवढी.

दुधाची पिशवी ठेवत असतील, तिने स्वतःला सांगितलं. दूध प्यायला कोण आहे, ते मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

वाटी तिथे बरोबर बसली. आवाज झाला नाही. रिकामं भांडं ठेवलं की ठणकतं, भरलेलं नुसतं टेकतं. डोळे मिटून भांडी ठेवायला दिली तरी तिने सांगितलं असतं. ती टेकली आणि चतुराबाई वळली.

जिना उतरताना तिला वाटलं की मागे कुणीतरी दार आतून चाचपतंय. आंधळ्याने भिंत चाचपावी तसं, वरून खाली. पण खाली गोदामात कुणी पत्रावळ्यांचे गठ्ठे ओढत असेल. तसाही आवाज येऊ शकतो.

४

दुसऱ्या दिवशी दांड्या पाचच्या पाच.

स्वप्ना म्हणाली, "आई, तू किती स्वच्छ दिसायलीस! तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा दिसूलालीय."

"ती तुझ्या बापामुळे आहे," चतुराबाई म्हणाली. पण मनातून ती खूष झाली. पोचल्या म्हणायच्या घुगऱ्या. आहे कुणीतरी माणसातलं.

वाटी मात्र परत आली नाही. तिने दोन दिवस वाट पाहिली. एकनाथराव म्हणाले, "काय घालून द्यावं ते सुचत नसेल त्यांना."

"शिळी पोळी घातली तरी चालेल. वाटी माझ्या लेकीच्या नावाची आहे."

रविवारी विकास घरी होता. तिने सरळ जाऊन नाडी सोडली आणि रोवळी काढली. "मला पुलाव करायचाय. तुझी अँटेना संध्याकाळी बांध."

"आई! जाईल ना ते सगळं!"

गेलं नाही. रोवळी स्वयंपाकघरात तांदूळ निथळत पडली होती, कांडी नुसती टेबलावर, आणि दांड्या पाचच्या पाच.

विकासने कपाळ खाजवलं. कांडी खिडकीत नेली. दांड्या कमी झाल्या. तीन, दोन. कांडी आत आणली, वाढल्या. "उलटं कसं काय?" वायर पोचेल तिथपर्यंत तो खोलीभर फिरला. भिंतीपाशी दोन. दारापाशी तीन. कंप्युटरसमोरच्या खुर्चीत चतुराबाई लसूण सोलत बसली होती, तिच्याजवळ पाच.

"आई, जरा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहा."

"का?"

"राहा की गं."

ती गेली. खुर्चीपाशी दोन झाल्या. त्याने वायर ताणून कांडी तिच्या दिशेला धरली, परत चढल्या. ती दोन पावलं सरकली, दांड्या तिच्या मागे सरकल्या.

"अरे बापरे," विकास हसला. "आई, नेट तुझ्यातनंच येऊलालंय. बिल लाव सगळ्या गल्लीला."

एकनाथराव खो-खो हसले. चतुराबाईही हसली. पण विकास हसता हसता थांबला होता आणि कांडीकडे बघत होता, ती कांडी चावेल की काय असा.

"बिघडली असेल," तो शेवटी म्हणाला. "चायना माल."



५

आणि पोर रडेनासं झालं.

आधी न्हाऊ घालताना सगळं घर डोक्यावर घ्यायचं. आता स्वप्नाने पायांवर घेतलं की मान वळवून पडद्याकडे बघायचं. पाणी पडलं तरी बघायचं. डोळ्यांत साबण गेला तरी बघायचं.

"आजीला ओळखतंय," स्वप्ना कौतुकाने म्हणायची.

चतुराबाईने तीन पोरं न्हाऊ घातली होती, त्यातली दोन जगली. एवढ्याशा पोराची नजर ठरत नाही, हे तिला माहीत होतं. उजेडाकडे बघत असेल. ती खुर्चीत जरा डावीकडे झुकली. पोराचे डोळे होते तिथेच राहिले. उजवीकडे झुकली. तिथेच. तिच्या खांद्याच्या जरा वर, जिथे काही नव्हतं तिथे बघत ते गालात हसलं.

तिने मागे वळून पाहिलं. भिंत. कॅलेंडर. खिडकी.

"आई, एक सांगू? तू आहेस म्हणून वाचले मी," स्वप्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. "पंधरा दिवसांत झोपले नव्हते. आता रात्री तू बसतेस ना त्याच्याजवळ, तर निदान डोळा लागतो."

"कुठं बसते?"

"रात्री. म्हणजे तुमच्या दुपारी. तूच नाही का म्हणालीस, कंप्युटर पाळण्याशी चालू ठेव, तू झोप, मी बघते म्हणून? अनिलला पण किती बरं वाटलं."

चतुराबाईच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. उन्हाळ्यात चिक्कडपल्लीला दुपारचा करंट जायचा, तो चहाच्या वेळेलाच यायचा. त्या वेळात पंखा बंद, फ्रीज बंद, कंप्युटर बंद. ती आणि एकनाथराव आतल्या खोलीत फरशीवर ओला पंचा टाकून झोपायचे.

झोपेत उठून आपण बाहेर येतो की काय? असंही असतं म्हणतात. पण करंट? करंट झोपेत कुठून आणणार?

"स्वप्ना," ती जपून म्हणाली, "मी काय करते गं तेव्हा?"

"काही नाही. नुसती बसतेस. बोलत नाहीस जास्त. मला कसंतरीच वाटतं आई, एवढ्या उकाड्यात तू डोक्यावरून पदर घेऊन बसतेस. कशाला गं? घरात कोण आहे आता?"

डोक्यावरून पदर घ्यायचं चतुराबाईने सासू गेली त्या वर्षी सोडलं होतं. स्वप्ना तेव्हा जन्मलीही नव्हती.

"बंद कर," ती म्हणाली.

"काय?"

"कंप्युटर बंद कर. आत्ता. आणि मी सांगेपर्यंत उघडू नको. मी फोन करते, फोनवर बोल."

"आई, अगं काय झालं? पोर न्हायचंय अजून—"

"बंद कर म्हणते ना!" तिने कांडी उपटून फेकली. पडद्यावर स्वप्ना तोंड उघडं असतानाच थिजली. बाळ तिच्या पायांवर, अजून हसत. मग तेही गेलं.

खिडकीतून वारा आला म्हणून तिने सवयीने तिकडे पाहिलं.

समोरच्या काचेवरचं वर्तमानपत्र एका कोपऱ्यात फाडलेलं होतं. तिथल्या गजाला, दोऱ्याने आडवी बांधून, स्टीलची बुटकी वाटी लावली होती. वाटीचं तोंड इकडे. तिच्या खुर्चीकडे.

६

दुसऱ्या दिवशी तिने काहीच केलं नाही, म्हणजे सगळं घर धुऊन काढलं. विकासला सांगितलं तर त्याने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, कबुतरांसाठी लावलं असेल कुणीतरी. कबुतरं स्टीलला भितात. त्याचा आवाज मात्र त्याला स्वतःलाच पटल्यासारखा नव्हता, आणि ऑफिसला जाताना त्याने कांडी खिशात घालून नेली.

"ही माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला.

आता घरात काही नव्हतं. कांडी नाही, रोवळी ओट्याखाली, कंप्युटरवर टॉवेल. सकाळपासून तिने स्वप्नाला मोबाइल लावून पाहिला. कधी लागायचाच नाही, कधी लागून नुसता वाजत राहायचा. झोपली असेल. पोराला घेऊन बसली असेल.

दिवेलागण झाली. न्हाऊ घालायची वेळ. चतुराबाईचे हात आपोआप बाह्या सावरायला लागले, तेव्हा ती उठली.

"वाटी घेऊन येते," तिने एकनाथरावांना सांगितलं.

"कसली वाटी?"

"लेकीची."

ती काही देवभोळी बाई नव्हती. चोर असेल तर चोर, वेडं असेल तर वेडं; दार वाजवायचं आणि आपली वस्तू मागायची. गल्ली ओलांडताना यादगिरीने "अम्मा, कां जारे?" असं विचारलं, तिने नुसता हात हलवला. जिन्यात पाऊल मुद्दाम जोरात टाकलं.

दारावर तेच कुलूप. उंबऱ्यापुढे धूळ. गोल जागा तशीच स्वच्छ, पण आता रिकामी.

"कोण आहे आत?" तिने दारावर थाप मारली. "वाटी दे माझी! तुझी हिंमत कशी झाली माझ्या लेकीच्या—"

ती थांबली. आतून पाण्याचा आवाज येत होता.

लोट्यातून अंगावर घातलेलं पाणी. थांबून थांबून. कुलूपबंद घरात, जिथे करंट नाही, नळ नाही. चतुराबाईने दाराला कान लावला. लाकूड कोमट होतं, ताप आलेल्या पोराच्या पाठीसारखं.

"कोमट कर. अजून," आत कुणीतरी ओरडलं. "कोपर घालून बघ, बोट नाही. हं. आता पाठ. माझा हात बघ, असा, असा."

तो तिचाच आवाज होता. दारात उभं राहून ओरडावं तसला, तिचाच, ठणठणीत.

आणि त्या आवाजाला उत्तर देणारं हसूही तिने ओळखलं. "बघितला आई," स्वप्ना आतून म्हणत होती. "अगदी असाच करतेय."

७

जिना ती कशी उतरली, गल्ली कशी ओलांडली, तिला कळलं नाही. घरात शिरून तिने आधी दाराची कडी लावली. एकनाथराव काहीतरी विचारत होते. तिने मोबाइल हातात घेतला. आकडे चुकत होते. परत लावला. परत.

लागला.

"हॅलो?" स्वप्ना. लांबून, विहिरीच्या तळातून.

"स्वप्ना! मी बोलतेय! तू कंप्युटर उघडलास का गं? बंद कर तो, पोर उचल, त्या खोलीतनं बाहेर—"

"हॅलो? नीट ऐकू नाही येत. कोण बोलतंय?"

"अगं मी! आई!"

पलीकडे पाणी पडत होतं. एक लोटा. मग थांबलं. चतुराबाईला लेकीचा श्वास ऐकू आला, आणि श्वासामागून दुसरा एक आवाज, स्वच्छ, ठणठणीत, फोनपेक्षा कितीतरी जवळ: मान धर गं त्याची. हं. आता आण इकडे. अजून जवळ आण.

"स्वप्ना, ऐक. तिचं डोकं बघ. डोक्यावर पदर आहे का बघ. मी घेत नाही. तुला माहितीय मी घेत नाही! स्वप्ना!"

"काय म्हणताय? तुटतंय सगळं. तुमचा आवाज फार बारीक येतोय."

"मी तुझी आई आहे!" चतुराबाई ओरडली. इतक्या जोरात, की एकनाथरावांनी कानावर हात ठेवला. अमेरिकेपर्यंत जावं एवढ्या जोरात. खिडकीतून तिला समोरचं घर दिसत होतं. काच, फाटलेला कागद, गजाला लोंबणारा दोरा. वाटी तिथे नव्हती.

"थांब हं आई, आणतेय," स्वप्ना म्हणाली. आणि मग फोनमध्ये, परक्या माणसाशी बोलावं तशी जरा ओशाळून म्हणाली, "तुम्हाला नाही म्हटलं हो. माझी आई समोर बसलीय. ती म्हणतेय, बाळाला जवळ आण."

मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज. ओल्या फरशीवरून उचललेली पावलं. बाळ एकदा हसलं. खुदकन, मोठ्या माणसाने गुदगुल्या केल्यावर हसतात तसं.

त्यानंतर काहीच नाही. ना पाणी, ना श्वास. लाइन चालू होती.

"काय झालं? काय म्हणाली?" एकनाथराव विचारत होते.

चतुराबाईचा कान दाराकडे होता. जिन्यात कुणीतरी चढत होतं. घाई नव्हती. एका हाताने भिंत चाचपत, वरून खाली, वरून खाली. दारापाशी येऊन ते थांबलं. वाकलं असावं, कारण काकणांचा किणकिणाट खालून आला.

मग उंबऱ्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

ते ठणकलं नाही. नुसतं टेकलं.